तीन किलोचा पीव्ही

सूड घेणारी माणसं मला आवडतात. क्षमा करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण जेवायला बोलवायचं असेल तर मी सूड घेणाऱ्याला बोलावते. एक तर त्यांची स्मरणशक्ती चांगली असते, आणि दुसरं म्हणजे ती वेळेवर येतात. तायडेदादा वेळेवर यायचे. जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या आमच्या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर राहायचे, मी दुसऱ्या. सातला बोलावलं तर सातला एक मिनिट कमी असताना त्यांची पावलं दाराशी थांबायची, आणि ते उरलेलं मिनिट ते बाहेर उभं राहून काढायचे. मी दाराच्या भोकातून बघत असे. गेल्या वर्षी ते नव्या नोकरीसाठी हॅनोव्हरला गेले. वर आता एक जोडपं राहतं, त्यांचा काही आवाजच येत नाही, आणि मला करमत नाही.

दादा सीटची मजबुती तपासायचे. इथल्या मोठ्या कारखान्याला सीट पुरवणारी एक कंपनी आहे, तिथे गाडी आदळल्यावर सीट जागेवर राहते की उखडते हे बघणं त्यांचं काम. दिसायला किरकोळ, शर्टाला इस्त्री कडक, आणि खिशात अंगठ्याएवढी उरलेली पेन्सिल. नवी पेन्सिल त्यांच्याकडे मी कधी पाहिली नाही. बेकरीच्या कागदी पिशव्या, पत्रांचे लिफाफे, मंडळाच्या गणपतीचं निमंत्रण, जे हाताला लागेल त्यावर ते एक चौकोन काढायचे आणि त्या चौकोनाला चारी बाजूंनी बाण. माझं कपाट जोडायला आले तेव्हा अर्धा तास त्यांनी एका स्क्रूला हात लावला नाही. जमिनीवर मांडी घालून, जोडणीच्या कागदाच्या पाठीमागे कपाटाचं चित्र काढत बसले.

"दादा, त्यांनी दिलंय ना चित्र," मी म्हटलं.

"ते कपाटाचं चित्र आहे. कपाटाला कोण कोण ढकलतंय त्याचं नाही. आल्झो, आधी चित्र."

'आल्झो' म्हणजे 'तर मग', हे जर्मन त्यांच्या तोंडी बसलेलं. 'आधी चित्र' हे त्यांच्या वेबसाइटचंही नाव. पदार्थविज्ञान आणि यंत्रशास्त्र अगदी पहिल्या पायरीपासून, मराठीत, फुकट. छोटे छोटे व्हिडिओ आणि त्याखाली गणितं. संगणकाची बाजू माझ्याकडे होती, म्हणून आमची ओळख शेजारापेक्षा वाढली. पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, की इंग्रजीत इतकं सगळं पडलेलं असताना हे कशाला? त्यावर ते चिडलेच.

"बघितलंस का ते सगळं? मी बघितलंय. बर्फावरून सरकणारी चकती. तोफेतून उडालेला गोळा. स्की घातलेला माणूस. आमच्या बार्शीटाकळीच्या पोराने यातलं काय पाहिलंय? त्याने एसटीचा दरवाजा पाहिलाय, मंडपाचा खांब पाहिलाय, पंक्चरवाल्याचा जॅक पाहिलाय. आणि त्या व्हिडिओतली माणसं हसतात फार. हसतात, पण बाण काढत नाहीत."

दादांच्या व्हिडिओत म्हणून मंडपाचा खांब असे, जॅक असे, आणि दोन पोरी दोन बाजूंनी ढकलत असलेला एसटीचा दरवाजा असे. स्वतः ते दिसत नसत. नुसता हात, ती बुटकी पेन्सिल आणि आवाज. "टेबलावर पुस्तक आहे. आता टेबल काढून टाका. पुस्तक पडलं का? नाही, कारण आपण टेबल काढलं, पण टेबलाचा धक्का ठेवला. बाण वरच्या बाजूला." एवढी एक गोष्ट मी अभियांत्रिकीची चार वर्षं पुण्यात काढून शिकले नव्हते. ती मला चाळिशीच्या उंबरठ्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समजली. मला फार आनंद झाला होता आणि थोडी लाजही वाटली होती.

साइटवर त्यांचे दोन नियम होते. पहिला, कोणाचंही नाव विचारायचं नाही. मी सुरुवातीला नाव, आडनाव, गाव असा नेहमीसारखा फॉर्म केला होता, तो त्यांनी पुसायला लावला. शिकायला येणाऱ्याने यावं, प्रश्न विचारावा, जावं. समोर बसून शिकणाऱ्यांनाही तोच नियम. ते कोणालाही 'इंजिनिअर' म्हणून हाक मारायचे. नऊ वर्षांची असो की एकोणीस, "बस, इंजिनिअर."

दुसरा नियम मला बरेच दिवस कळला नाही. त्यांच्या गणितात जी वस्तू घसरते, पडते, आदळते, चिरडते, तिचं नाव कायम पीव्ही. पुस्तकांत असते तशी 'वस्तू अ' नाही. 'तीन किलोचा पीव्ही गुळगुळीत उतारावरून सुटला आहे.' 'पीव्ही शाळेच्या गच्चीवरून पडतो. हवेचा विरोध धरू नका.' हे 'हवेचा विरोध धरू नका' ते फार चवीने म्हणायचे. 'वीस किलोचा पीव्ही भिंतीवर आदळून तिथेच चिकटतो, तर भिंतीला बसलेला धक्का किती?' एकदा कोणा मुलीने खाली लिहिलं, सर, पीव्ही सारखा पडतो, त्याला एकदा तरी वर न्या की. दादांनी मन मोठं केलं. पुढच्याच आठवड्यात पीव्हीला दोरीने पाण्याच्या टाकीवर चढवलं. गणिताचा पहिला भाग तेवढाच होता. दुसऱ्या भागात दोरी तुटली.

मला वाटलं, सुटसुटीत म्हणून घेतलेली अक्षरं असतील. विचारलं नाही. पण पीव्ही जितक्या वेळा पडे तितक्या वेळा दादांच्या चेहऱ्यावर एक समाधान येई, आणि ते काही शिक्षकाचं समाधान नव्हतं.

पडण्याचे व्हिडिओ ते जिन्यात करायचे. आमच्या जिन्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत मोकळी जागा आहे. एका रविवारी सकाळी त्यांनी तिसऱ्या मजल्यावरून पाच किलोची तांदळाची पिशवी आणि वरणाची पळी एकदम सोडली. दोन्ही एकदमच पोचली. तळमजल्यावर राहणाऱ्या फ्राऊ होफमान गाऊनमध्येच बाहेर आल्या. जर्मनीत रविवारी भिंतीत खिळा ठोकत नाहीत, आणि इथे तर तांदूळ पडला होता. "हेर ताइडे! हॉइटे इस्त झोनटाग!" आज रविवार आहे, एवढंच त्या म्हणाल्या, पण असं म्हणाल्या की मी दुसऱ्या मजल्यावर दार लावून घेतलं. घरमालकांचं पत्रही आलं. दादांनी माफी मागितली आणि शनिवार धरला. पुढच्या शनिवारी फ्राऊ होफमान खाली खुर्ची टाकून बसलेल्या. तांदूळ जड, पळी हलकी, मग एकदम कशी पोचली, याने त्यांना आठवडाभर झोप नव्हती. दादांनी लिफाफ्यावर चित्र काढलं. बाईंनी ते आपल्या स्वयंपाकघरात लावलं आणि पुढे स्टॉपवॉच धरायचं काम स्वतःकडे घेतलं.

पण रविवार दादांनी नंतर कधीच मोडला नाही. रविवारी ते खुर्चीसुद्धा सरकवत नसत. उचलून ठेवत.

पीव्ही कोण हे मला त्यांनी एका संध्याकाळी सांगितलं. मी नव्या गणितांची तपासणी करत होते आणि सहज म्हटलं, "दादा, हा पीव्ही एकदा मरायला पाहिजे, इतका पडतो." दादांच्या पत्नी, रत्नावहिनी, चहा गाळत होत्या, त्या थांबल्या. दादा म्हणाले, "जिवंत आहे. रिटायर झाला. पुण्यात असतो."

त्यांनी फार शब्द वापरले नाहीत. विदर्भातलं कॉलेज, पहिलं वर्ष, यंत्रशास्त्राची तोंडी परीक्षा. लेखी पेपर उत्तम गेलेला. परीक्षेच्या खोलीत टेबलाच्या पलीकडे त्यांचेच प्राध्यापक, ज्यांना सगळं कॉलेज पीव्ही सर म्हणायचं. शेजारी बाहेरून आलेले दुसरे परीक्षक, ते खिडकीतून मैदानाकडे बघत होते.

"'पूर्ण नाव?' म्हणाले. मी म्हटलं, सिद्धार्थ नामदेव तायडे. त्यांनी एकदा वर पाहिलं. म्हणाले, 'जा तू.' मला वाटलं, प्रश्न विसरले. मी उभाच. पुन्हा म्हणाले, 'झालं, जा.' नापास."

"प्रश्न काय विचारला?" मी म्हटलं.

"तेच तर. कोणालाच खरं वाटत नाही. नाही विचारला. सहा महिन्यांनी पुन्हा बसलो. पुन्हा तेच टेबल, तेच नाव, तेच 'जा'. पुन्हा नापास. वर्ष गेलं."

माझं पूर्ण नाव मला आयुष्यात हजार वेळा विचारलं गेलंय, आणि दर वेळी त्यानंतर पुढचा प्रश्न आलाय. आडनाव ऐकून जात ओळखायची आणि तिथेच माणूस संपवायचा, हे मला वाचून माहीत होतं. माझ्यासमोर बसून, माझ्या आवडीचा आल्याचा चहा पीत कोणी ते सांगितलं नव्हतं. मला इतका राग आला की मी म्हटलं, मी या माणसाचं नाव साइटच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत टाकते. दादांनी मान हलवली. त्यांचा राग त्याहून लांबचा होता.

त्यांचे वडील, नामदेवराव, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई. तीस वर्षं त्यांनी मास्तरांना पाणी दिलं, घंटा वाजवली, आणि मास्तर म्हणजे खरं बोलणारा माणूस ही एक गोष्ट मनाशी पक्की धरली. निकालाच्या दिवशी ते बसस्टँडवर घ्यायला आले होते. काय विचारलं, म्हणाले. काहीच नाही विचारलं, दादा म्हणाले. वडील थोडा वेळ चालत राहिले आणि मग म्हणाले, असं कसं होईल, एवढा शिकलेला माणूस, काहीतरी विचारलंच असेल, तुला आलं नसेल. नसेल आलं तर सांग, मी रागावत नाही.

"दोन्ही वेळा तेच. रागावले नाहीत, हेच वाईट झालं," दादा म्हणाले. "तिसऱ्या वेळी दुसरा परीक्षक आला. सात प्रश्न विचारले, सातही आले. पण तोपर्यंत बाबा गेले होते. जाताना त्यांच्या मनात एवढंच होतं, की पोराला उत्तर आलं नाही. आणि ते लपवायला पोरगा खोटं बोलतो."

त्या मधल्या वर्षात दादा अकोल्याच्या एका सायबर कॅफेत बसायचे. कुठल्याशा परदेशी विद्यापीठाने यंत्रशास्त्राची टिपणं फुकट ठेवली होती. छापून घेणं परवडत नव्हतं म्हणून पडद्यावरून वहीत उतरवायची. बर्फावरची चकती, स्कीवाला माणूस, सगळं. ती वही त्यांच्याकडे अजून आहे. पहिल्या पानावर स्कीवाल्याच्या चित्राखाली पेन्सिलने बारीक लिहिलंय, 'पीव्ही'. तिथून सुरुवात झाली.

"मग आता काय पाहिजे तुम्हाला? माफी?"

"माफीचं काय करू? मला ते वाक्य पाहिजे. काहीच विचारलं नाही, हे. त्यांच्या तोंडून. आणि ऐकायला एक माणूस पाहिजे."

रत्नावहिनी म्हणाल्या, "अहो, सोडा आता. तुम्ही जर्मनीत, ते पुण्यात. कुठे भेटणार आहात?"

याच सुमाराला दादांकडे एक नववीतली मुलगी शिकायला यायची. तिची आई ब्योब्लिंगेनला सॉफ्टवेअरमध्ये, मंडळातल्या कोणाकडून तिने दादांचं ऐकलेलं. मुलीला शाळेत फिजिक्समध्ये दोनदा फ्युन्फ मिळाली होती. इथे एक म्हणजे उत्तम आणि पाच म्हणजे काठावरून खाली. आणखी एक पाच आली तर वर्ग पुन्हा करावा लागणार होता. जर्मनीत वाढलेल्या मुलांसारखीच ती. मराठी सगळं कळायचं, उत्तर जर्मनमध्ये.

"इंजिनिअर, पीव्ही टेबलावर आहे. टेबल काढ."

"ओके. वेक." म्हणजे काढलं.

"आता पीव्हीला वर कोण ढकलतंय?"

"वाइस निश्त." माहीत नाही.

"वाइस निश्त चालणार नाही. खुर्चीवर बसलीस ना? खुर्ची काढली तर?"

"दान फाले इश." मग पडेन मी. आणि एकदम तिचे डोळे मोठे झाले. "आख झो! श्टूल द्र्युक्ट मिश!" खुर्ची मला ढकलते आहे, हे तिला त्या क्षणी कळलं. दादांनी टेबलावर थाप मारली. मी तिथे होते. पोरीपेक्षा त्यांनाच जास्त आनंद झाला होता.

दादांनी तिचं नाव कधी विचारलं नाही. मला माहीत होतं, सई. आडनाव वडिलांचं, त्यावरून आईच्या माहेरचं काही कळण्यासारखं नव्हतं.

मे महिन्यात सईच्या आईचे वडील पुण्याहून आले, तीन महिन्यांसाठी. सगळ्यांचे येतात. सकाळी मॉर्निंग वॉक, दुपारी झोप, संध्याकाळी नातवंडांचा अभ्यास. एका रविवारी दादांचा फोन वाजला आणि त्यांनी तो सवयीप्रमाणे टेबलावर ठेवून स्पीकरवर घेतला. सईची आई होती.

"सर, एक गंमत सांगायची होती. बाबा आलेत ना आमच्याकडे, ते सईची वही बघत होते. त्यात सगळीकडे पीव्ही, पीव्ही! अहो, बाबांना कॉलेजात पीव्ही सरच म्हणायचे. मेकॅनिक्सच शिकवायचे ते, विदर्भात होते पंचवीस वर्षं. ते म्हणाले, हा नक्की माझा विद्यार्थी. इतकी वर्षं झाली, तरी गुरूचं नाव प्रत्येक गणितात ठेवलंय. सर, खरं सांगते, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. भेटायचंय त्यांना तुम्हाला."

रत्नावहिनींची पोळी तव्यावर तशीच राहिली आणि करपली. मी दादांकडे बघत होते. वीस किलोचा पीव्ही भिंतीला चिकटतो, हे वाचून त्या माणसाला वाटलं होतं, ही गुरुदक्षिणा आहे. मला हसू आवरेना आणि त्याच वेळी काहीतरी फोडावंसं वाटत होतं.

दादा अगदी शांतपणे म्हणाले, "मुलीची परीक्षा कधी आहे?"

"तीन आठवड्यांनी."

"मग त्यानंतरच्या रविवारी आणा त्यांना. अकरा वाजता. मुलीला त्या दिवशी नका आणू."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "तीन आठवडे? दादा, उद्या बोलवा! मी कॅमेरा लावते. सगळ्या पोरांना बघू दे पीव्ही कोण ते."

"पोरीची परीक्षा आधी. तिचं वर्ष जाणार नाही. वर्ष जातं म्हणजे काय, ते मला माहीत आहे." मग थोड्या वेळाने म्हणाले, "आणि कॅमेरा नको. तू बस. त्या खोलीत एक जण होता, तो खिडकीबाहेर बघत होता. तू खिडकीबाहेर बघू नकोस, एवढंच."

ते तीन आठवडे त्यांनी सईला जितकं शिकवलं तितकं कोणालाच शिकवलं नसेल. एरवी आठवड्यातून एकदा येणारी पोर तीनदा यायला लागली. मी मनात म्हणायचे, शत्रूची नात आहे, कसे हे एवढं जीव तोडून शिकवतात? ते मी त्यांना बोलून दाखवलं, तर म्हणाले, "ती कोणाची कोण, ते मी विचारलं होतं का?" सईला त्स्वाय मिळाली. पाचावरून दोनावर. जिन्यातच तिने ओरडून सांगितलं, आणि फ्राऊ होफमाननी तिला चॉकलेट दिलं.

त्यानंतरचा रविवार. दादांनी पांढरा शर्ट घातला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवतीच्या चार खुर्च्यांपैकी दोन त्यांनी आत नेऊन ठेवल्या. एक टेबलाच्या या बाजूला, एक त्या बाजूला. मला कोपऱ्यातलं स्टूल. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि त्यांच्या खाली नामदेवरावांचा फोटो, शाळेच्या घंटेशेजारी उभे असलेले. पाहुण्याची खुर्ची फोटोसमोर येईल अशी मांडलेली.

अकराला पाच मिनिटं असताना घंटी वाजली. पीव्ही सर. मी एक उंच, धिप्पाड माणूस डोळ्यांसमोर धरला होता. समोर आला तो पंचाहत्तरीचा, गुडघ्यांनी त्रासलेला, उन्हाळ्यातही स्वेटर घातलेला एक म्हातारा. मुलगी त्यांना खालच्या दारात सोडून गाडी लावायला गेली. हातात पेढ्यांचा बॉक्स. मला वाईट वाटावं असंच सगळं होतं, आणि मला मुळीच वाईट वाटलं नाही. हे मी स्वच्छ सांगते.

"वा, वा," बसता बसता ते म्हणाले. "काय काम केलंय तुम्ही! माझ्या नातीला दोन महिन्यांत तयार केलंत. आणि माझं नाव! माझी एवढी आठवण कोणी ठेवली असेल असं वाटलं नव्हतं हो." त्यांनी पेढे टेबलावर ठेवले. "कुठल्या बॅचचे तुम्ही?"

दादांनी वर्ष सांगितलं.

"असं, असं. खाली पाटीवर वाचलं, तायडे." त्यांचा आवाज जरा बदलला, अगदी थोडा. "तायडे म्हणजे... कुठले तुम्ही?"

"अकोल्याचा."

"ते झालंच. पण म्हणजे मूळचे..." आणि ते थांबले. त्यांची नजर दादांच्या खांद्यावरून भिंतीवर गेली होती. बाबासाहेबांवर, खाली, परत वर. "अच्छा," ते म्हणाले.

मी खिडकीबाहेर पाहिलं नाही.

दादांनी पेन्सिल खिशातून काढून टेबलावर ठेवली. दोन्ही हात टेबलावर घेतले. "सर, तुमचं पूर्ण नाव सांगा."

सरांना वाटलं, वेबसाइटवर टाकायचं असेल. ते जरा सावरून बसले आणि त्यांनी नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, आणि पुढे पदवीसुद्धा. मी ते इथे लिहीत नाही, कारण सई अजून शिकते आहे. दादांनी ते पूर्ण ऐकलं. वर पाहिलं.

"या तुम्ही," ते म्हणाले.

सर हसले. वाट बघत राहिले. स्वयंपाकघरातलं घड्याळ फार मोठ्याने चालतं हे मला तेव्हा कळलं.

"झालं, सर. या."

"म्हणजे?" सर माझ्याकडे बघायला लागले, मग रत्नावहिनींकडे. त्यांचा चेहरा लाल झाला. "अहो, म्हणजे काय? मी एवढे जिने चढून आलो. तुम्ही बोलावलंत म्हणून आलो. नाव विचारलंत आणि या म्हणता? तुम्ही मला काहीच विचारलं नाही!"

दादांनी मान माझ्याकडे वळवली. "ऐकलंस?"

"ऐकलं," मी म्हटलं.

"हेच," दादा सरांना म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "हेच वाक्य मी माझ्या बापाला दोनदा सांगितलं होतं. त्यांना पटलं नाही. ते म्हणाले, एवढा शिकलेला माणूस, काहीतरी विचारलंच असेल."

सरांनी पेढ्यांचा बॉक्स थोडा पुढे सरकवला. मग म्हणाले, "मला... मला आठवत नाही हो. किती मुलं यायची."

"कसं आठवेल? काही विचारलं असतं तर आठवलं असतं."

सर उठले. टेबलाला धरून, हळू. रत्नावहिनी पुढे झाल्या. मला वाटलं, हात देतात की काय. त्यांनी पेढ्यांचा बॉक्स उचलला आणि त्यांच्या हातात दिला. "हे तुमचं राहिलं होतं," त्या म्हणाल्या. तीन आठवडे 'अहो, सोडा आता' म्हणणारी बाई ती. जिन्यातून त्यांचे कठडा धरून उतरणारे पाय कितीतरी वेळ ऐकू येत होते.

सईची आई पुन्हा काही बोलली नाही. बुधवारी सई मात्र आली, ठरल्या वेळेला, वही घेऊन. दारात उभी राहून तिने विचारलं, "दार्फ इश नोख कोमेन?" अजून येऊ का मी? "बस, इंजिनिअर," दादा म्हणाले. "आधी चित्र." मीच त्यांना म्हटलं, आता तरी गणितातलं नाव बदला. "कशाला?" ते म्हणाले. "पोरांना सवय झालीय." तीन किलोचा पीव्ही साइटवर आजही पडतो आहे, हवेचा विरोध न धरता.

त्यांना हॅनोव्हरच्या गाडीत बसवायला मी स्टेशनवर गेले होते, पण दादा म्हटलं की मला ते दिसत नाहीत. दिसतात ते त्या रविवारचे. खालचं दार बंद झाल्याचा आवाज आला, आणि ते फोटोसमोर जाऊन उभे राहिले. एरवी आमच्याशी पुणेरी मराठी बोलणारा माणूस, पण तेव्हा घरचं बोलले.

"आयकलं ना, बाबा? काहीच नव्हतं इचारलं."

मग त्यांनी सरांची खुर्ची उचलली आणि टेबलाशी नीट लावून ठेवली. सरकवली नाही, कारण रविवार होता.